पार्टनरच्या रंगाला सपोर्ट कसा दाखवायचा? ब्रिजवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला आमचा संध्याकाळचा ब्रिजचा (पत्त्यांचा खेळ) अड्डा आहे, माझे पार्टनर म्हणजे शेजारचे काका, खेळ एकदम पक्का पण सिस्टीम (कुठल्या बोलीचा काय अर्थ हे ठरवलेलं) जुनी. परवा काकांनी १ बदाम ओपन केलं (पहिली बोली), उजवीकडून २ किलवर आलं आणि माझा हात असा: इस्पिक एक्का ८ ३, बदाम राजा गुलाम ९ ४, चौकट राणी १० ७ ५, किलवर ६ ४. म्हणजे १० पॉईंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) आणि चार हुकूम, म्हणजे काकांच्या बदामाची चार पानं.

काका म्हणतात सरळ ३ बदाम बोल, त्यातच गेमचं (४ बदामला जायचं, त्याला बोनस असतो) आमंत्रण आलं. पण मी वाचलंय की मधे विरोधकांची बोली आली की ३ बदाम ही उडी (२ बदाम सोडून थेट ३) कमी पॉईंट, चार हुकूम, नुसती वाट अडवायला असते, आणि दहा किंवा जास्त पॉईंट असतील तर ३ किलवर, म्हणजे त्यांचाच रंग बोलायचा. मला हेच पटतं, कारण कमी पॉईंटचा आणि दहाच्या पुढचा असे दोन्ही प्रकारचे हात एकाच बोलीत कोंबले तर काकांनी गेमला जायचं की थांबायचं ते ठरवायचं कशावरून?

आता अडतंय इथं, ३ किलवर बोलल्यावर हुकूम तीन आहेत की चार हे काकांना कळणार कसं? विरोधक पुढं ४ किलवरला गेले तर तोच एक पत्ता सगळं ठरवतो ना. उजवीकडून २ किलवरऐवजी डबल (आपल्या पार्टनरला दुसरा रंग बोलायला सांगणारी बोली) आला तर, दहा पॉईंटच्या अशाच हाताला, चार हुकुमांना २ नोट्रम्प (एरवी बिनहुकमाची बोली) आणि तीन असतील तर रीडबल (डबलवर परत डबल), हे बरोबर आहे का? तुम्ही पार्टनरशी काय ठरवलंय ते प्लीज सविस्तर सांगा, काकांना दाखवायचंय.