प्रश्नाच्या मागे काय आहे ते आधी बघा

'मुलांनी देवाबद्दल विचारलं की एका वाक्यात उत्तर द्यायचं नि विषय संपवायचा, नाहीतर त्यांचा गोंधळ उडतो' हे वर लिहिलंय ते मला अर्धंच पटलं. वाक्य छोटं असावं हे खरंय, पण पोरगं नक्की काय विचारतंय ते तरी कळायला हवं ना. माझे वडील गेले तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, रोज झोपताना एकच प्रश्न, देवाला सगळं ऐकू येतं का? मी दोन दिवस 'हो, येतं' म्हणून झोपवली, तिसऱ्या दिवशी कंटाळून (शहाणपण वगैरे काही नाही, खरंच कंटाळून) विचारलं, का गं रोज विचारतेस? तर म्हणाली, मी एकदा आजोबांवर चिडून 'जा तुम्ही' म्हणाले होते, ते देवाने ऐकलं असेल का. म्हणजे मी रोज 'हो' म्हणून तिची भीती पक्की करत होतो!

पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच हे मांडलंय की लहान मुलांना आपल्या मनातल्या विचाराने किंवा बोलण्याने बाहेर काहीतरी घडतं असं खरंच वाटतं. त्यामुळे आता मी उत्तराआधी 'तुला काय वाटतं?' विचारतो, तेही समोर बसवून नाही, कारण तोंडी परीक्षेसारखं झालं की ती गप्पच होते. दिवा बंद केल्यावर, अंधारात मात्र भडाभडा बोलते.