जुन्या कपाटातील ईथरची बाटली

प्रश्न : संशोधक विद्यार्थिनी, बार्देश

नमस्कार. मी उत्तर गोव्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्रात पीएच.डी.चे काम करते. पावसाळा तोंडावर आला म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही संशोधन कक्षाची साफसफाई काढली, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीलगतच्या कपाटात, अगदी मागे, डायइथाइल ईथर या झटकन उडून जाणाऱ्या, ज्वालाग्राही द्रावकाची अर्ध्या लिटरची तपकिरी बाटली सापडली. लेबल कसरीने खाल्ले असून तारीख वाचता येत नाही. ती कोणी मागवली, कधी उघडली, हे आज कक्षात काम करणाऱ्या कोणालाच ठाऊक नाही. ज्यांच्या काळातली ती असावी, ते प्राध्यापक निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. झाकणाच्या कडेने साखर साचावी तसा पांढरा थर दिसतो. "उघड आणि मोरीत ओतून दे" असे मला सांगण्यात आले, परंतु माझा हात धजावला नाही. आता काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, फोंडा

हात धजावला नाही, हे फार चांगले झाले. त्या बाटलीला स्पर्श करू नका, ती हलवू नका आणि झाकण तर मुळीच फिरवू नका. हवेतील ऑक्सिजनमुळे ईथरमध्ये पेरॉक्साइडे, म्हणजे स्फोटक संयुगे, तयार होतात आणि प्रकाशाने त्या क्रियेला वेग येतो. ईथर उडून जाते, पेरॉक्साइडे मात्र मागे साचत राहतात. त्यांचे स्फटिक झाकणाच्या आट्यांत बसले असतील, तर झाकण पिळताना होणाऱ्या नुसत्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते आणि आपल्याकडे मे महिन्यातील दुपारी पारा त्याच्याच आसपास असतो, त्यामुळे बूच जरा ढिले असले तरी बाटली आटायला वेगळी उष्णता लागत नाही.

खोली रिकामी करून कुलूप लावा, दारावर ठळक सूचना लावा आणि प्राचार्यांना आजच लेखी कळवा. अग्निशमन व आपत्कालीन सेवेला बाटलीचे वर्णन नीट सांगून, स्फोटक पदार्थ हाताळण्याचे प्रशिक्षण असलेल्या माणसांकडूनच ती हलवली जाईल असे पाहा. मोरीत ओतण्याचा सल्ला तर ताज्या ईथरच्या बाबतीतही चुकीचा आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती गटारातून लांबवर पसरते आणि दुसऱ्याच ठिकाणी पेट घेते.

उत्तर : संशोधक, ताळगाव

सरांनी बाटलीविषयी सांगितले आहेच. मला या प्रश्नातले एक वाक्य अधिक अस्वस्थ करून गेले, ते म्हणजे ही बाटली कोणाची हे कोणालाच ठाऊक नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले एक विकिरण यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. २०१० च्या फेब्रुवारीत ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडण्यात आले आणि त्या किरणोत्साराने एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. आत काय आहे हे जाणणारी माणसे विभागातून गेली होती आणि त्यांचे ज्ञान यंत्राबरोबर पुढे पोहोचले नव्हते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, कक्ष सोडणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विद्यार्थी असो वा विभागप्रमुख, आपल्या नावावरची प्रत्येक बाटली आणि सिलिंडर दुसऱ्याच्या नावावर नोंदवून द्यावे किंवा रीतसर नष्ट करायला पाठवावे, आणि त्याशिवाय त्याला ना-हरकत दाखला मिळू नये. ग्रंथालयाचे एक पुस्तक परत आले नाही तर आपण दाखला अडवतो, मग ईथरच्या बाटलीसाठी का नाही?

उत्तर : प्रयोगशाळा साहाय्यक, डिचोली

ताई, तुमच्या बाटलीवरची तारीख गेली, तशी ती आमच्याकडेही दर पावसाळ्यात जायची. दमट हवेत कागदी लेबलाचा गोंद सुटतो, शाई पसरते आणि ऑगस्टपर्यंत निम्म्या बाटल्या मुक्या होतात. आता आम्ही लेबल शिसपेन्सिलीने लिहितो, त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी बाटलीभोवती पूर्ण गुंडाळतो, आणि बाटली आली ती तारीख व उघडली ती तारीख अशा दोन्ही घालतो. उघडलेल्या ईथरची आम्ही दर तीन महिन्यांनी पोटॅशियम आयोडाइडने चाचणी करतो; रंग पिवळसर झाला की ती बाटली वापरातून काढतो. ही चाचणी फक्त माहितीतल्या, स्वच्छ बाटलीसाठी आहे, तुमच्या बाटलीसाठी नव्हे.

पावसाळ्यातली दुसरी काळजी विजेची. वीज गेली की फ्यूम हूडचा, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या बंदिस्त ओट्याचा, पंखा थांबतो आणि वाफा खोलीत येतात, हे सगळ्यांच्या लक्षात येते. मात्र हॉट प्लेटचे बटण तसेच चालू ठेवून मुले घरी जातात, हे लक्षात येत नाही. रात्री वीज परतते, प्लेट आपोआप तापू लागते आणि तिच्यावरचे द्रावण आटत जाते. एकदा सकाळी दार उघडल्यावर मला तडकलेला फ्लास्क आणि काळी पडलेली प्लेट दिसली होती. तेव्हापासून वीज गेली की मी प्रत्येक प्लग हाताने काढतो. तसेच ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी त्या वाफेला पुरते, कारण ईथरची वाफ उणे ४५ अंशांनाही पेट घेण्याइतकी तयार होते.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. कक्ष बंद केला आहे, किल्ली प्राचार्यांकडे आहे आणि अग्निशमन सेवेला लेखी कळवले आहे. बाटली अजून कपाटात जिथे होती तिथेच आहे. खिडकीच्या काचेवर आम्ही बाहेरच्या बाजूने जाड कापड लावले, म्हणजे दुपारचे ऊन तिच्यावर पडणार नाही. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यालाही मी स्वतः नेऊन ते दार दाखवले आणि आत का जायचे नाही हे समजावून सांगितले.