मदत हवी आहे: फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव सायकलने, संध्याकाळच्या परतीचं काय करावं?

फुलेवाडीची सायकल

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवाळीनंतर सायकलने कामावर जायला लागले. एका बाजूचं अंतर साधारण १३-१४ किलोमीटर पडतं. रस्ता असा: रंकाळ्याच्या कडेने संभाजीनगर, हॉकी स्टेडियम, सायबर चौक, विद्यापीठासमोरून वर, मग उजळाईवाडी आणि तिथून हायवेच्या सर्व्हिस रोडने कंपनी. सायकल साधी लेडीज आहे. २६ इंची चाकं, गिअर नाहीत, रिम स्टीलच्या, पुढे बास्केट, मागे कॅरिअर.

सकाळबद्दल माझी काहीच तक्रार नाही. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसं घरी परतत असतात, हवेत गारवा असतो, आणि कंपनीच्या गेटपाशी पोचेपर्यंत डोकं इतकं साफ झालेलं असतं की पहिल्या तासात अर्ध्या दिवसाचं काम उरकतं. बसने किंवा गाडीवर मागे बसून जाताना मला हे कधी मिळालं नाही. म्हणून सायकल सोडायची नाही, हे आधीच सांगते. "मोपेड घे" हा सल्ला घरात रोज मिळतो. काळजीपोटी देतात, मला कळतं, पण इथे तरी कृपया तो नको.

अडचण सगळी परतीची आहे. सहाला सुटते. फेब्रुवारी लागल्यापासून संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो नेमका तोंडावर येतो. उजळाईवाडीपासून विद्यापीठापर्यंत माळ मोकळा, विमानतळाच्या बाजूला आडोसा म्हणून काही नाही. तिथे जोर लावून लावून उजव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागलीय. सायकलच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, गिअरची घ्या, त्याशिवाय इलाज नाही. आत्ता तेवढे पैसे काढणं जमणार नाही. खरंच दुसरा इलाज नाही का?

दुसरी गोष्ट जास्त भीतीची आहे. सायबर चौकात येईपर्यंत दिवेलागण होते आणि रंकाळा सोडला की पूर्ण अंधार. गगनबावडा रस्त्याला कुंभी-कासारी साखर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवाच काय, साधी चमकणारी पट्टीसुद्धा नाही. परवा एक ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून मी निर्धास्त झाले, तर दुसरी ट्रॉली वळणावर आत आली आणि उसाची शेंडं हँडलला घासून गेली. मी उतरून बाजूला उभी राहिले. पुन्हा सायकलवर बसायला बराच वेळ लागला. घरी हे सांगितलेलं नाही.

हंगाम मार्चपर्यंत संपेल, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा आहेच. त्या रस्त्याने रोज सायकल चालवणारं कुणी असेल तर सांगा, तुम्ही काय करता?

उद्यमनगर

ताई, आधी सीट वर घ्या. बाकीचं नंतर.

वाटीपाशी, म्हणजे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते. आपल्याकडे बायकांच्या सायकलची सीट दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील अशी ठेवून देतात. त्यात पाय कधी पूर्ण सरळ होतच नाही आणि सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. भिंतीला हात लावून सायकलवर बसा. पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात थोडासा वाक राहतो, तेवढाच हवा. एकदम वर घेऊ नका, बोट-बोट वाढवत जा. सीटच्या दांड्यावर शेवटची खूण असते, तिच्या वर दांडा काढायचा नाही. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, ही सवय आठवड्याभरात होते.

आता गिअरचं. दुकानदार म्हणतो तसं नाही. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राचे, दात मोजा, पुढे पॅडलपाशी असलेल्या चेनव्हीलचेही मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ आहेत. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि २६ इंची चाकावर तुम्ही ५ मीटर पुढे जाता. तिथे २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं तर एका फेऱ्यात ४ मीटरच्या थोडं वर जाल. पाय जास्त वेळा फिरेल, पण प्रत्येक फेऱ्याला जोर बराच कमी लागेल. वाऱ्यालाही तेच औषध आणि चढालाही तेच. २२ मिळालं नाही तर २० घ्या. चेनला एखादी कडी वाढवावी लागेल. गिअरच्या सायकलच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ. सपाटीला आणि उतारावर वेग थोडा कमी होईल, तो होऊ द्या.

मी फाउंड्रीत असताना आमच्या खात्यातली निम्मी माणसं सायकलवर यायची, कुणी उचगावातून, कुणी कसबा बावड्यातून. गिअर कुणाकडेच नव्हते. सीट मात्र प्रत्येकाने स्वतःच्या मापाने बसवलेली असायची आणि दुसऱ्याच्या सायकलला कुणी हात लावायचा नाही.

टायरमधली हवाही बघा. किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. कमी हवेच्या टायरवर सगळी मेहनत रस्ता खातो.

सरनोबतवाडीकर

वर दादांनी लिहिलंय त्याला दुजोरा. वाऱ्याबद्दल थोडं माझं.

पिशवी बास्केटमध्ये ठेवत असाल तर कॅरिअरवर बांधा. पुढची भरलेली बास्केट वारा अडवते आणि हँडलही हेलकावतं. ओढणी किंवा सैल जॅकेट असेल तर आवळून घ्या. आणि माळावर वेग राखायचा हट्ट सोडा. समोरच्या वाऱ्यात वेग थोडा वाढवला तरी हवेचा विरोध त्याच्या कितीतरी पट वाढतो. तिथे ताशी १०-१२ ने जा. घरी पोचायला फार तर दहा मिनिटं जास्त लागतील, पण गुडघा शाबूत राहील.

दुखणं आराम करूनही राहिलं किंवा सूज आली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तो सीटचा प्रश्न समजून पुढे ढकलू नका.

रोज शिरोली

मी उलट दिशेला, शिरोली एमआयडीसीला जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, तेवढे दिवस सोडले तर वर्षभर सायकल. ऊस आमच्याकडेही आहे.

ताई, उसाच्या ट्रॉलीबद्दल मी पाळतो ते सांगतो. मागून आवाज आला की कडेची जागा बघून थांबायचं आणि दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्यायच्या. तुमच्या बाबतीत झालं तेच नेहमी होतं: ट्रॅक्टर वळणावरून बाहेरून जातो, पण मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीतून येत नाही, ती आतून कापते. ड्रायव्हरला ती दिसतही नाही आणि मोठ्या आवाजात गाणी चालू असतात, त्यामुळे आपली हाक ऐकू जात नाही. तुम्ही उतरून उभ्या राहिलात ते अगदी बरोबर केलंत. थांबलेल्या ट्रॉलीला डावीकडून ओलांडायचं नाही. रस्त्यावर पडलेल्या कांडीवरून तिरकं चाक घालायचं नाही, चाक सरकतं. जायचंच झालं तर सरळ.

दिव्याचं: पुढच्या दिव्यापेक्षा मागचा लाल दिवा आधी घ्या. तो कॅरिअरच्या खाली किंवा मडगार्डला लावा, सीटखाली लावला तर पिशवीमागे झाकला जातो. पॅडलला पिवळे रिफ्लेक्टर असतील तर धुळीने माखलेले असणार, ते रोज पुसा. पॅडलवरचा रिफ्लेक्टर वर-खाली होतो, त्यामुळे मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे. मडगार्डला आणि दोन्ही चिमट्यांना, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, चमकणारी पट्टी चिकटवा. पुढचा दिवा रस्त्याकडे झुकवून ठेवा.

आणि एक. कडेच्या मातीला चिकटून चालवू नका. हातभर आत राहा. अगदी कडेला असलं की गाड्या जागा न देता घासून पुढे जातात आणि आपल्याला सरकायला जागाच उरत नाही.

कळंबा

संभाजीनगरवरून कळंब्याकडे येऊन रिंग रोडने फुलेवाडी गाठता येईल. रंकाळ्याची गर्दी आणि मुख्य रस्त्याचा बराचसा भाग टळेल. पण एखाद्या रविवारी उजेडात जाऊन बघा, खड्डे कुठे आहेत, दिवे कुठवर आहेत. माझा अनुभव असा की अंधारात ओळखीचा वाईट रस्ता अनोळखी चांगल्या रस्त्यापेक्षा बरा.

मी स्वतः बाई आहे म्हणून विचारते: कामाची वेळ अर्धा तास अलीकडे घेता येईल का? साडेपाचला सुटलात तर दिवस असतानाच घरी पोचाल. विनंती करताना "सायकलसाठी" असं न म्हणता "अंधाराच्या आत घरी पोचायचं आहे" असं सांगा. माझ्या साहेबांना दुसरं लगेच पटलं.

रोज शिरोली

कळंबाताईंचा उपाय चांगला आहे, फक्त एक लक्षात ठेवा. साडेपाचला निघालं की मावळतीचं ऊन समोर असतं. तुम्हाला ते डोळ्यांवर येतं, टोपी घालून भागतं. पण तुमच्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं आणि त्याला पुढची सायकल दिसतच नाही. पुढच्या झाडांची, खांबांची सावली लांब होऊन तुमच्याकडे येत असेल तेव्हा समजा की मागच्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून मागचा लाल दिवा उजेडातही चालू ठेवा, लुकलुकता. जसजसा उन्हाळा वाढेल तसा सूर्यास्त पुढे सरकतो, मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा हा त्रास घरी पोचल्यावर सुरू होईल.

फुलेवाडीची सायकल

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं तपशिलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

आत्तापर्यंत झालं ते लिहिते. सीट वर घेतली. पहिल्या दिवशी उंचावर बसल्यासारखं वाटलं, पण विद्यापीठाच्या चढाला फरक लगेच कळला, मांडीला काम लागतं आणि गुडघा मोकळा राहतो. दात मोजले, ४४ आणि १८ च निघाले! २० चं फ्रीव्हील मिळालं, रविवारी बसवून घेणार. लाल दिवा मडगार्डला लावला, पट्ट्या चिकटवल्या. साहेबांशी बोलले. हंगाम संपेपर्यंत नऊ ते साडेपाच चालेल म्हणाले. आणि घरी ट्रॉलीचंही सांगून टाकलं. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "निघताना फोन करत जा." मोपेडचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

एक राहिलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ब्रेक लागत नाहीत असं सगळे म्हणतात. स्टीलची रिम बदलावी का?

उद्यमनगर

स्टील ओलं झालं की ब्रेकचं रबर त्यावरून नुसतं घसरतं. अल्युमिनियमच्या रिमवर पकड पुष्कळ बरी असते. दोन्ही बदलणं परवडत नसेल तर निदान पुढची बदला, थांबवण्याची मुख्य ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. मे महिन्यातच करून घ्या, जूनला दुकानात रांग लागते. नवीन रिमबरोबर ब्रेकचे रबरही नवीन घाला, जुन्या रबरात स्टीलचा कीस रुतलेला असतो, तो रिम खातो.

पावसात चौक यायच्या बराच आधी दोन्ही ब्रेक हलके दाबून चाकाचे दोन-चार फेरे होऊ द्या. रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग जोरात दाबा. विद्यापीठाच्या उतारावर तर सुरुवातीपासूनच हलका ब्रेक धरून या.

फ्रीव्हील बसवताना मागच्या चाकाचा आउट, म्हणजे फिरताना दिसणारा वाकडेपणा, तोही काढून घ्या आणि चेन फार ताणू देऊ नका, मधोमध दाबल्यावर बोटभर हलली पाहिजे.