झडती मान्य, चेहऱ्याची सक्ती नको
विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारी 'डिजियात्रा' सोय नको म्हणणाऱ्यांना 'लपवायला काही नसेल तर तपासणीची भीती कशाला?' असं विचारलं जातं. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. तपासणीला माझा विरोध नाही. १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर २००० पासून आपल्या विमानतळांवर सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) आली. बंदोबस्त कडकच हवा.

पण झडती घेण्याचीही एक रीत असते. माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात, त्यामुळे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर धातू शोधणाऱ्या चौकटीतून जाताना मशीन वाजणारच. महिला जवान तिला पडद्याआड नेते, खुर्ची देते, हातातलं यंत्र गुडघ्यांवरून फिरवते आणि 'झालं काकू' म्हणून सोडते. आईला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

डिजियात्राचं तसं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, वाराणसीला सुरू झालेली ही सोय रांग वाचवण्यासाठी आहे आणि नियमाने ऐच्छिक आहे. सामानाची आणि अंगाची तपासणी त्यानंतरही होतेच. मग चेहरा न दिल्याने सुरक्षेचं काय बिघडतं? २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि बंधन गरजेपुरतंच हवं.

म्हणून दाराशी कुणी मोबाइल मागून परस्पर नोंदणी करू लागलं, तर स्पष्ट सांगा: मला तिकीट आणि ओळखपत्र दाखवूनच आत जायचंय. तो रस्ता आजही खुला आहे.