प्रतिकृतीला फसवणूक का म्हणावे?
जुन्या विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक, हे मत मला एकांगी वाटते. ब्रिटिश हवाई दलाच्या तळांच्या प्रवेशद्वारांशी उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातली अस्सल स्पिटफायर लढाऊ विमाने उन्हापावसात झिजत होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांपैकी काहींच्या जागी फायबरग्लासच्या प्रतिकृती आल्या आणि उतरवलेली काही विमाने दुरुस्तीनंतर चक्क पुन्हा उडाली. शॉर्ट स्टर्लिंग या दोन हजारांहून अधिक बांधल्या गेलेल्या बॉम्बफेकी विमानाचा तर आज एकही संपूर्ण नमुना उरलेला नाही. त्याचा वैमानिक जमिनीपासून सुमारे २० फूट उंच बसे, ही गोष्ट छायाचित्रात जाणवत नाही. ती पूर्णाकृती प्रतिकृतीशेजारी मान वर करून उभे राहिल्यावरच उमगते. मात्र रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा साच्यातूनच उठवलेल्या असतील, तर फलकावर ‘प्रतिकृती’ हा शब्द ठळक हवा, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत नव्हे.