शाब्दिक उदाहरणात खरी मेख 'जास्त' या शब्दात

लेकीला समीकरण सोडवता येतं, पण शाब्दिक उदाहरण आलं की ती अडते, असं तुम्ही लिहिलंय. वर कुणीतरी 'जास्त म्हणजे बेरीज, कमी म्हणजे वजाबाकी' हे पाठ करून घ्या म्हणालंय. कृपया नको! 'दादाकडे ताईपेक्षा १२ रुपये जास्त आहेत, दादाकडे ४०, तर ताईकडे किती?' यात 'जास्त' दिसताच मुलं ५२ लिहून मोकळी. आधी वाक्य जसंच्या तसं मांडायचं: ताईचे क्ष, क्ष + १२ = ४०, म्हणून क्ष = २८. मग २८ परत उदाहरणात घालून पाहायचं.

दुसरी खोड 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' या मंत्राची. ४ वडापावांचे ८० झाले, म्हणजे ४क्ष = ८०. आमच्या चिरंजीवांनी ४ पलीकडे नेऊन वजा केले आणि एक वडापाव ७६ रुपयांना पडला. (मुंबई महाग आहे, पण इतकीही नाही.) त्यापेक्षा भाजीवालीचा तराजू आठवायला सांगा, दोन्ही पारड्यांत एकच क्रिया. इथे दोन्हीकडे ४ ने भाग, क्ष = २०.

भागाकाराला चाळीतल्या गणपतीची वर्गणी घ्या: खर्च १८ बिऱ्हाडांत सारखा वाटला, प्रत्येकी २५० आले. क्ष ÷ १८ = २५०, एकूण खर्च ४५००.

आणि क्षची भीती वाटत असेल तर सांगा, भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत आणि लिहिताना नुसतं 'या' लिहीत. लेकीने ताईच्या रुपयांसाठी क्षऐवजी 'ता' लिहिलं तरी चालेल.