निसर्गचित्रातलं कासल: किल्ला, गड की गढी?

प्रश्न: युरोपीय निसर्गचित्रांवरचं एक टिपण मराठीत करते आहे. चित्रात दूरवर दिसणाऱ्या कासलला (इंग्रजी castle, उमरावाचं तटबंदीचं घर) सरसकट 'किल्ला' म्हटलं तर चालेल का? मराठी वाचकापुढे लगेच तोफा आणि शिबंदी उभी राहते. मूळ लेखाचा रोख मात्र उमराव घराण्यांवर आहे.

प्रतिसाद १: 'गढी' लिहा. जहागीरदाराचं राहतं घर आणि तटबंदी, दोन्ही त्यात आलं.

प्रतिसाद २: अर्थ जुळतो, पण गढी म्हटलं की पांढऱ्या मातीच्या ढासळत्या भिंती आठवतात, तो रुबाब येत नाही. मी तर चित्र बघून शब्द ठरवीन. राउसडालचं १६५३ चं बेंटहाइम घ्या. जर्मनीतलं ते कासल प्रत्यक्षात बेताच्या टेकाडावर आहे. या डच चित्रकाराने त्याच्याखाली झाडीने भरलेला अख्खा डोंगर रचला! (सपाट मुलखातल्या माणसाची हौस, दुसरं काय.) तिथे बेधडक 'गड' लिहा.

इंग्रज चित्रकार टर्नरच्या डोलबाडर्नला (१८००) मात्र 'गड' नको. वेल्समधला हा एकटा गोल बुरूज. तिथला राजा लिवेलिन याने सख्खा भाऊ ओवेन याला वीसेक वर्षं इथेच डांबलं होतं, असं सांगतात. चित्रात वर उजळ आभाळापुढे काळा बुरूज आणि पार खाली, शोधावी लागतील इतकी लहान माणसं: शिपाई आणि कैदी. आपल्याकडे निवडणुकीच्या बातम्यांतसुद्धा 'गड राखला' असतं. त्या शब्दाला अभिमान चिकटलेला आहे. इथे नुसतं 'बुरूज' पुरे.

प्रश्नकर्ती: आणि इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलचं हॅडली, इंग्लंडमधलं ते मोडकळीला आलेलं कासल? 'भग्नावशेष' लिहिलं होतं.

प्रतिसाद २: तो पुरातत्त्व खात्याच्या पाटीवरचा शब्द झाला. 'पडका किल्ला' करा. कॉन्स्टेबलने १८१४ साली तिथे पेन्सिलीने रेखाटन केलं आणि ते तसंच राहिलं. नोव्हेंबर १८२८ मध्ये बायको मरिया गेली, तेव्हा ते पुन्हा हाती घेऊन १८२९ मध्ये मोठं तैलचित्र केलं. डावीकडचा बुरूज वरपासून उभा चिरलेला, पलीकडे थेम्सचं मुख, वादळी रात्रीनंतरची सकाळ. सत्ता, घराणं वगैरे तिथे शोधायला जाऊ नका. तो विधुराचा पडका किल्ला आहे.

प्रश्नकर्ती: पटलं. पण तुम्ही 'ते कासल' म्हणता, मी 'तो' लिहीत आले.

प्रतिसाद १: किल्ल्याच्या ओढीने 'तो' होतो. टिपणभर एकच ठेवा.